कान कापलेलं कुत्रं पिसाळलेलं नसतं

निवारा केंद्रातून कुत्रं आणायचं म्हटलं की शेजारी हटकतात, ‘कान कापलाय, पिसाळलेलं असंल.’ संभाजीनगर असो की नांदेड, समज तोच. खरं तर उलट आहे. नसबंदीच्या वेळी भूल दिलेली असतानाच कानाला व्ही आकाराची खाच पाडतात आणि रेबीजची लसही टोचतात. खाचेची कड सरळ असते. भांडणात फाटलेला कान वेडावाकडा दिसतो.

पण खाच बघून निर्धास्त होऊ नका. लस दरवर्षी लागते. केंद्राच्या कागदावर तारीख बघा, नसेल तर डॉक्टरांकडून पुन्हा टोचून घ्या. खरी तपासणी गोचिडांची करा: कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात. त्यांच्यामुळं ताप येतो, कधी नाकातून रक्तही. तिकडं मात्र कुणी बघत नाही.