गालातल्या काडीवर पोराचं भवितव्य?

गालाच्या आतून काडी फिरवायची, पाकिटात घालून पाठवायची आणि पोराला कुस्ती जमेल की लांब पल्ल्याचं धावणं, याचा अहवाल घरबसल्या मिळवायचा. पेठापेठांत तालमी आणि फुटबॉलचं वेड असलेल्या कोल्हापुरात अशा जाहिराती पालकांना भुरळ घालणारच. पण ही चाचणी नेमकं काय बघते?

अशा चाचण्यांत हमखास असतं ते एसीटीएन३ हे जनुक. स्नायूंतल्या झटका देणाऱ्या वेगवान तंतूंना बांधून ठेवणारं अल्फा-अ‍ॅक्टिनिन-३ हे प्रथिन त्याच्यावरून बनतं. ही ९०१ अमिनो आम्लांची साखळी. काही जणांत ५७७व्या जागी जनुकाच्या तीन अक्षरी संकेतातलं एकच अक्षर बदलतं, सीजीएचं टीजीए होतं. सीजीए म्हणजे ‘आर्जिनिन हे अमिनो आम्ल जोडा’, टीजीए म्हणजे ‘थांबा’. साखळी ५७६वरच संपते आणि तो अर्धवट तुकडा टिकत नाही. आई-वडील दोघांकडून हीच प्रत आली, तर प्रथिन तयारच होत नाही. तरी आजार होत नाही, कारण अल्फा-अ‍ॅक्टिनिन-२ हे त्याचं भावंड प्रथिन ती जागा भरून काढतं. जगात दर पाच-सहा माणसांत एक जण असा असतो. अव्वल वेगवान धावपटूंत तो विरळा, हे खरं. पण स्पेनचा एक ऑलिंपिक लांब उडीपटू याच गटातला निघाला. आणि उरलेले चार-पाच जण, ज्यांच्याकडे प्रथिन आहे, ते सगळे कुठे धावपटू होतात? २०१५ साली तज्ज्ञांच्या गटाने स्पष्ट सांगितलं, की गुणवत्ता हेरण्यासाठी मुलांच्या अशा चाचण्या करू नयेत. पत्रिका बघून पोराला लाल मातीतून बाहेर काढणं जितकं चूक, तितकंच हेही.

मग लहान मुलांची जनुकचाचणी करायची कधी? उत्तर कळल्यावर बालपणीच काही करता येत असेल तेव्हा. घरात रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे डोळ्याचा कर्करोग, आनुवंशिक असेल, तर त्यामागच्या आरबी१ या जनुकाची चाचणी बाळ जन्मताच करावी. दोष असेल तर गाठ लहान असतानाच सापडते. नसेल तर भूल देऊन वारंवार डोळे तपासणं टळतं. मात्र आधी आजारी नातेवाइकातला दोष शोधायला हवा. तो माहीत नसताना थेट बाळाची चाचणी केली, तर ‘दोष आढळला नाही’ या शेऱ्यावर विसंबता येत नाही.

हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक आजाराचं उलट आहे. लक्षणं बहुधा तिशी ते पन्नाशीत दिसतात आणि आजार रोखणारा उपाय आज नाही. म्हणून लक्षणं नसलेल्या मुलाची चाचणी अठरा वर्षांपर्यंत करत नाहीत. पुढे करायची की नाही, हे त्यानेच ठरवायचं. आई-वडिलांनी आग्रह धरला तरी डॉक्टरांनी नकार द्यावा.