पार्श्वभूमी : चीनचं सिंहासन आणि परक्यांचे टेकू

29 ऑगस्ट 1842. नानजिंग शहराजवळ यांगत्से नदीत नांगरलेल्या ‘कॉर्नवॉलिस’ या ब्रिटिश युद्धनौकेवर चिनी सम्राटाचे वकील तहावर सही-शिक्का करायला चढले. ही नौका मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधली होती आणि 1813 मध्ये पाण्यात सोडली होती. ज्या अफूपायी ब्रिटन आणि चीनमध्ये हे पहिलं अफूयुद्ध पेटलं, तीही बरीचशी आपल्याच बाजूची. होळकर-शिंद्यांच्या माळव्यात पिकणारी ही अफू आधी चोरवाटांनी दमणला जायची. 1830 नंतर ती कंपनीचा परवाना घेऊन उघडपणे मुंबईत येऊ लागली. मुंबईतल्या कितीतरी बड्या शेठांच्या तिजोऱ्या या धंद्यावर भरल्या.

इंग्रजांना चहा हवा होता आणि त्याच्या बदल्यात चीनला चांदीखेरीज फारसं काही नको होतं. अफूनं हा हिशेब उलटा केला आणि चांदी चीनबाहेर वाहू लागली. त्याचा फटका बसला खेड्यातल्या शेतकऱ्याला. त्याच्या हातात तांब्याची नाणी पडत, पण सारा चांदीच्या दरानं भरायचा असे. चांदी महागली तसा साराही वाढला, फर्मान न काढता.

1839 मध्ये सम्राटानं लिन त्सेशू या कडक अधिकाऱ्याला कँटन या दक्षिणेतल्या बंदराला धाडलं. त्यानं परक्या व्यापाऱ्यांकडून 20 हजारांहून जास्त पेट्या अफू ताब्यात घेतली आणि हूमेनच्या किनाऱ्यावर खड्ड्यांत पाणी, मीठ आणि चुना घालून ती विरघळवली. हे काम तीन आठवडे चाललं. घाण समुद्रात सोडण्याआधी लिननं समुद्रदेवतेची क्षमा मागणारी प्रार्थना लिहिली. ब्रिटननं मात्र नुकसानभरपाई मागत आरमार पाठवलं. नानजिंगच्या तहात चीननं हाँगकाँग दिलं, पाच बंदरं खुली केली आणि 2 कोटी 10 लाख चांदीचे डॉलर देण्याचं कबूल केलं. त्यातले 60 लाख बुडालेल्या अफूचे. ती अफू विकणं कायदेशीर की बेकायदा, यावर तहात अक्षरही नाही.

सगळं खापर परक्यांवर फोडता येणार नाही. लोकसंख्या वाढली होती, जमीन पुरत नव्हती, अधिकारी खाबू झाले होते आणि अफूयुद्धाच्या आधीही मोठी बंडं झाली होती. 1850 मध्ये सम्राटाविरुद्ध पेटलेलं तैपिंग बंड चौदा वर्षं चाललं आणि त्यात कोट्यवधी माणसं मेली. पण त्या बंडाच्या काळात परक्यांनी जे केलं, त्यात पुढच्या पन्नास वर्षांची किल्ली आहे. 1860 मध्ये इंग्रज आणि फ्रेंच फौजा बीजिंगवर चालून गेल्या आणि सम्राटाचा उन्हाळी राजवाडा लुटून जाळला. जाळण्याचा हुकूम देणारे लॉर्ड एल्गिन दोन वर्षांत हिंदुस्थानचे व्हाइसरॉय झाले. आणि त्याच सुमारास गॉर्डन हा इंग्रज अधिकारी सम्राटाच्या बाजूनं तैपिंगांशी लढत होता! यात विसंगती नाही. तह ज्यानं केला तो गादीवर असेपर्यंतच तहाला किंमत. ऋणको मेला तर वसुली कोणाकडून करायची?

म्हणून चिंग घराण्याला, म्हणजे चीनच्या राजघराण्याला, पाडण्याऐवजी टेकू लावले गेले. जकातीचं खातं परक्यांच्या देखरेखीखाली गेलं. 1863 पासून त्याचे मुख्य होते आयर्लंडमध्ये जन्मलेले रॉबर्ट हार्ट. खातं चोख चाले, हेही खरं. पण जकातीचा दर तहानं सुमारे 5 टक्क्यांवर बांधलेला, तो वाढवायची सोय सम्राटाला नव्हती.

1895 मध्ये जपाननंही हरवलं, तेव्हा दंड बसला 20 कोटी ताएल चांदी. एक ताएल म्हणजे साधारण तीन तोळे. एवढी चांदी खजिन्यात कुठली? युरोपीय बँकांकडून कर्ज काढलं आणि जकात तारण ठेवली. पाठोपाठ जर्मनी, रशिया, ब्रिटन आणि फ्रान्स यांनी बंदरं भाडेपट्ट्यानं घेतली. 1898 मध्ये तरुण सम्राट ग्वांगशूनं सुधारणांचा सपाटा लावला, तर शंभरेक दिवसांत राजमाता त्सूशीनं त्यालाच नजरकैदेत टाकलं. दोन वर्षांनी तिनं परक्यांविरुद्ध उठलेल्या बॉक्सरांना पाठबळ दिलं. आठ देशांच्या फौजा बीजिंगमध्ये शिरल्या, त्यांत हिंदुस्थानी पलटणीही होत्या. या वेळी दंड 45 कोटी ताएल, म्हणजे माणशी एक. 39 वर्षांचे हप्ते आणि वर 4 टक्के व्याज.

शेवटी ठिणगी पडली तीही कर्जावरूनच. मे 1911 मध्ये सरकारनं प्रांतांतल्या रेल्वे ताब्यात घेतल्या आणि त्या बांधायला चार देशांच्या बँकांकडून कर्ज काढलं. सिच्वान प्रांतात लोकांनी गावोगाव शेअर घेऊन पैसा उभा केला होता. ते खवळले. तिथला उठाव मोडायला वूचांगच्या छावणीतलं सैन्य हलवलं आणि 10 ऑक्टोबरला वूचांगमध्येच बंड झालं. हार्ट त्याच्या तीन आठवडे आधी वारले होते. 12 फेब्रुवारी 1912 रोजी सहा वर्षांच्या पू-यीच्या नावानं गादी सोडल्याचं फर्मान निघालं.

तोवर बंदरांतली जकात परकी अधिकारी थेट परक्या बँकांत भरू लागले होते. बॉक्सर दंडाची बाकी नव्या प्रजासत्ताकाच्या नावे चढली.