खाणीवरचं व्याख्यान आणि खाणीची जनसुनावणी

७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या लोहखनिजाच्या ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चच्या मध्यापासून यंत्रं थांबली. २०२२ च्या अखेरीस खाणींच्या ब्लॉकांचे लिलाव सुरू झाले, पाठोपाठ नव्या पर्यावरण दाखल्यांसाठी अर्ज आले आणि अर्जांबरोबर जनसुनावण्या आल्या. दुसरीकडे भूशास्त्राची मंडळं आणि महाविद्यालयांचे भूशास्त्र विभाग लोकांसाठी व्याख्यानं ठेवतात. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे इथल्या माणसाला या दोन्हींची आमंत्रणं कधी कधी एकाच मोसमात येतात, आणि दोन्हींतला फरक त्याला कुणी नीट समजावून सांगत नाही.

दिसायला दोन्ही सारखंच. पडदा, प्रोजेक्टर, डोंगराचा उभा छेद दाखवणारं रंगीत चित्र, माइक घेऊन बोलणारा भूशास्त्रज्ञ, समोर खुर्च्यांवर गावची मंडळी. जमिनीखाली काय आहे तेच दोन्हीकडे सांगितलं जातं, शब्दही बरेचसे तेच. म्हणूनच गफलत होते. जनसुनावणीला गेलेला माणूस सगळं निमूट ऐकून, माहिती मिळाली म्हणून घरी जातो. व्याख्यानाला गेलेला माणूस उठून आपल्या विहिरीची, शेतात आलेल्या गाळाची सगळी व्यथा पोटतिडकीने मांडतो, टाळ्या मिळतात, आणि आपलं म्हणणं वर पोचलं असं त्याला वाटतं. प्रत्यक्षात पहिल्या ठिकाणी त्याचं बोलणं नोंदलं गेलं असतं, तिथे तो गप्प बसला. दुसऱ्या ठिकाणी नोंद करणारं कुणीच नव्हतं.

आधी व्याख्यान. मराठी माणसाला व्याख्यानमालेचं वेड जुनं आहे, पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केली. गोव्यातही पणजीच्या कला अकादमीत इतिहासकार दा. ध. कोसंबींच्या नावाने होणाऱ्या विचार महोत्सवाला लोक गर्दी करतात. भूशास्त्राच्या संस्थांचं मूळ काम संशोधकांसाठी असतं. बेंगळूरूची जिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया १९५८ मध्ये स्थापन झाली, तिचं संशोधनपर नियतकालिक पुढच्याच वर्षापासून निघतं. पण अशा संस्था, आणि त्यांच्या धर्तीवरची प्रादेशिक मंडळं, सामान्य माणसासाठीही दार उघडतात ती व्याख्यानातून. तिथे वक्ता कुणाची परवानगी मागायला आलेला नसतो. त्याला आपला विषय सांगायचा असतो आणि आपल्याला तो समजून घ्यायचा असतो.

आणि गोव्याचा विषय सांगण्यासारखाच आहे. अनमोड घाटाच्या बाजूचा नाइस नावाचा पट्टेदार खडक ३०० कोटी वर्षांहून जुना. चोर्ला घाटाकडे सत्तरीच्या टोकाला लागतो तो दख्खनचा काळा बेसाल्ट, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. या दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात, डिचोलीपासून सांग्यापर्यंत, जुन्या समुद्रात थरावर थर साचून तयार झालेला लोह आणि गारेचा पट्टेदार खडक आहे, वयाने २५० कोटी वर्षांच्याही मागचा. त्यातली गार, म्हणजे सिलिका, पावसाच्या पाण्याने युगानुयुगं धुऊन नेली, लोह मागे राहिलं, आणि खडक ठिसूळ होत होत बऱ्याच ठिकाणी त्याची भुकटी झाली. हीच आपली खाणीतली माती. वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या पठारावर, जांभ्याचं कडक टोपण, त्याखाली शेडी म्हणजे चिकणमातीचा थर, आणि तिच्याखाली ही भुकटी.

चांगलं व्याख्यान म्हणजे या छेदावर थांबणारं व्याख्यान. कारण गोव्यातली पाण्याची सगळी गोष्ट त्यात आहे. वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जांभ्याला भेगा आणि भोकं भरपूर, त्यामुळे पाणी सहज आत शिरतं. शेडी चिकण, तिच्यातून ते सावकाश उतरतं, म्हणून सड्याच्या कडेला, जांभा आणि शेडी यांच्या सांध्यावर झरे फुटतात आणि खालची कुळागरं, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागा, त्यावर जगतात. शेडीच्या खालची खनिजाची भुकटी मात्र पाणी धरून ठेवते आणि वाहूही देते. म्हणजे ज्या थरासाठी खाण खणतात तोच थर पाण्याची मोठी टाकी आहे. खाण भूजलाच्या पातळीखाली गेली की खनिज कोरडं काढण्यासाठी पंप लावून पाणी उपसावं लागतं, आणि उपसलं की आजूबाजूच्या विहिरींची पातळी त्या खड्ड्याकडे झुकते. गोव्यातल्या काही खाणींचा तळ समुद्रसपाटीच्याही खाली गेलेला आहे. हे एकदा चित्रासह समजलं की डिचोलीतल्या शिरगाव या खाणगावच्या विहिरी का आटल्या, याला दैवाचं कारण शोधावं लागत नाही.

व्याख्यानात वक्त्याला शंका बोलून दाखवता येते, आणि ते फार मोलाचं आहे. अमुक विहीर खाणीमुळे आटली की त्या वर्षीच्या कमी पावसामुळे, हे मोजणीशिवाय सांगता येणार नाही, असं तो सरळ म्हणू शकतो. श्रोत्यांनीही त्याला आडवेतिडवे प्रश्न विचारावेत. अध्यक्ष नेहमी सांगतात, प्रश्न विचारा, भाषण नको. व्याख्यानात हे अगदी योग्य आहे. वेळ थोडा असतो आणि समजून घ्यायचं खूप असतं.

जनसुनावणीत हाच नियम उलटा होतो. तिथे तुमचं भाषणच हवं आहे.

पर्यावरणीय जनसुनावणी ही सभा कुणाच्या मर्जीने भरत नाही. केंद्र सरकारच्या १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेने ती घालून दिली आहे, आणि ती कशी चालवायची हेही त्याच अधिसूचनेच्या परिशिष्टात लिहिलेलं आहे. कंपनी मूल्यांकनाचा मसुदा अहवाल आणि त्याचा सारांश राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे देते. मंडळ तारीख आणि जागा ठरवून एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक भाषेतल्या दैनिकात जाहिरात देतं. जाहिरातीपासून सुनावणीपर्यंत निदान ३० दिवस मिळायलाच हवेत. अहवाल या काळात जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा पंचायत अशा ठिकाणी कार्यालयीन वेळेत कुणालाही वाचता येतो. सुनावणीच्या दिवशी अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा निदान अतिरिक्त जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी बसतो, सोबत प्रदूषण नियंत्रण मंडळाचा प्रतिनिधी असतो. गणपूर्तीची अट नाही. दहा माणसं आली तरी सुनावणी होते, आणि तिची नोंदही तितकीच ग्राह्य धरली जाते. ‘कोणी गेलंच नाही तर सुनावणीच होणार नाही’ असा समज गावोगाव आहे, तो चुकीचा आहे आणि फार महागात पडणारा आहे.

सगळ्या कामकाजाचं चित्रीकरण होतं. सुरुवातीला कंपनीचा प्रतिनिधी प्रकल्पाची माहिती देतो, आणि व्याख्यानाशी घोटाळा होतो तो नेमका इथेच. पडद्यावर तोच डोंगराचा छेद येतो, कदाचित जास्त देखणा. पण बोलणारा माणूस अर्जदाराच्या बाजूने बोलतो आहे. अहवाल करणारा सल्लागार मान्यताप्राप्त असावा लागतो, मात्र त्याची फी कंपनीच देते. तो खोटं बोलतो असं मला म्हणायचं नाही. त्याच्या छेदात काय दाखवलं नाही हे बघायची जबाबदारी आपली, इतकंच. व्याख्यानात वक्त्यावर विश्वास ठेवून ऐकलं तर चालतं. इथे अहवालाचं पान उघडून ऐकावं लागतं.

मग बोलायचं कसं? ‘आमच्या विहिरी सुकतात, आम्हाला खाण नको’ हे वाक्य खरं असतं, मनापासून असतं, आणि इतिवृत्तात ‘काही ग्रामस्थांनी पाण्याबद्दल चिंता व्यक्त केली’ एवढ्या एका ओळीत मावून जातं. त्याऐवजी समजा एखाद्या बाईने असं मांडलं: ‘माझी विहीर खाणपट्ट्याच्या हद्दीपासून अमुक मीटरवर, उताराच्या खालच्या बाजूला आहे. खाण बंद होण्याआधी मे महिन्यात ती तळाला जायची, खाण बंद पडल्यावर मे महिन्यात अमुक हात पाणी राहू लागलं. तुमच्या अहवालातल्या विहिरींच्या यादीत ती नाही. तुम्ही पातळी कुठल्या महिन्यात मोजली? पावसानंतरची आणि पावसाआधीची, दोन्ही मोजलीत का? उपसलेलं पाणी कुठल्या ओहोळात सोडणार, आणि त्या ओहोळावर कोणाची कुळागरं आहेत याची पाहणी केलीत का?’ आता हे एका ओळीत गुंडाळता येत नाही. कारण अधिसूचनेप्रमाणे लोकांनी उपस्थित केलेले मुद्दे आणि त्यांवर अर्जदाराचं उत्तर, असं स्वतंत्र निवेदन स्थानिक भाषेत आणि इंग्रजीत तयार करून इतिवृत्ताला जोडावं लागतं. मुद्दा जितका नेमका, तितकं उत्तर टाळणं कठीण.

महिन्याचा प्रश्न मुद्दाम घातला आहे. मूल्यांकनासाठी पायाभूत माहिती बहुधा पावसाळा सोडून एका हंगामाची गोळा करतात. नोव्हेंबरात गोव्याची विहीर काठोकाठ असते, मे महिन्यात तिचा तळ दिसतो. एकाच हंगामाच्या आकड्यावरून गोव्याच्या भूजलाविषयी काही ठामपणे म्हणणं धाडसाचं आहे. सड्यावरून पावसात वाहून शेतात येणाऱ्या डंपच्या गाळाचंही तसंच. एक टन खनिजामागे दोन-तीन टन टाकाऊ माती निघते, तिचे डोंगर पावसाळ्यात कसे वागतात हे कोरड्या महिन्यांत मोजून कळत नाही. हे मुद्दे व्याख्यानात शिकता येतात आणि जनसुनावणीत वापरता येतात. दोन्ही सभांचं खरं नातं हेच आहे.

सुनावणीच्या शेवटी प्रदूषण नियंत्रण मंडळाचा प्रतिनिधी इतिवृत्त वाचून दाखवतो आणि स्थानिक भाषेत समजावून सांगतो, मग त्याच दिवशी अध्यक्ष त्यावर सही करतात. बरीच मंडळी तोवर उठून गेलेली असतात. कृपा करून थांबा. आपला मुद्दा वाचला गेला नाही तर तिथेच हात वर करून सांगायचं असतं, कारण सही झालेल्या कागदात नसलेला मुद्दा दिल्लीच्या किंवा राज्याच्या तज्ज्ञ समितीपुढे पोचवणं पुढे अवघड होतं. बोलायला संकोच वाटत असेल तर लेखी द्यावं. येता येत नसेल तरी ज्यांचे हितसंबंध गुंतले आहेत त्यांना लेखी हरकती पाठवता येतात. कोंकणीत, मराठीत बोलायला कसलीही आडकाठी नाही. अर्जदाराने सभेत दिलेल्या आश्वासनाकडेही लक्ष असू द्यावं. विहिरींची दरमहा मोजणी करू, टँकर देऊ, गाळ काढून देऊ, असं काही तो बोलला तर ते शब्दशः नोंदवून घ्यावं. जनसुनावणीतली आश्वासनं पर्यावरण व्यवस्थापन आराखड्यात घ्यावी लागतात आणि दाखल्याच्या अटींशी जोडली जातात. व्याख्यानात कुणी असं काही म्हणालं तर ती त्याची सदिच्छा.

एका बाबतीत मात्र दोन्हींकडून फाजील अपेक्षा नको. जनसुनावणी म्हणजे मतदान नाही. सगळं गाव विरोधात उभं राहिलं म्हणून दाखला आपोआप नाकारला जात नाही. मुद्द्यांची दखल घेऊन अंतिम अहवाल सुधारणं अर्जदारावर बंधनकारक असतं, निर्णय पुढे समितीच्या छाननीनंतर होतो. हे ऐकून लोक निराश होतात, ते मला समजतं. पण पुढे कोणी न्यायालयात किंवा हरित लवादापुढे गेलं तर पहिल्यांदा उघडलं जातं ते हेच इतिवृत्त. आणि व्याख्यान म्हणजे निवाडा नाही. वक्ता कितीही मोठा असला तरी ‘अमुक प्राध्यापकांनी सांगितलं’ एवढ्यावर सुनावणीत भागत नाही. त्यांनी दाखवलेला नकाशा, मोजणी, प्रकाशित लेख हातात असावा लागतो.

म्हणून भूशास्त्राच्या मंडळांना आणि महाविद्यालयांच्या विभागांना एक मनापासून विनंती आहे. व्याख्यानं पणजी-मडगावच्या वातानुकूलित सभागृहांत होतात तशी डिचोली, मुळगाव, लामगाव, रिवण, कोडली भागातही होऊ देत, आणि जनसुनावणीची जाहिरात आल्यानंतरच्या त्या ३० दिवसांत होऊ देत. वक्त्याने खाणीच्या बाजूने किंवा विरोधात बोलू नये, तो प्रदेशाच्या खडकांविषयी आणि पाण्याविषयी बोलू दे. मसुदा अहवालातला भूजलाचा नकाशा कसा वाचायचा, समपातळी रेषा म्हणजे काय, विहिरीचा काठ समुद्रसपाटीपासून किती उंच हे माहीत असल्याशिवाय दोन विहिरींची तुलना का करता येत नाही, एवढं जरी दोन तासांत शिकवलं तरी लोक तयार होऊन जातील. शेवटी हातात मोजपट्टी आणि दोरी घेऊन गावच्या एका विहिरीवर सगळ्यांना घेऊन जावं. काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर कसं मोजायचं, तारीख आणि आदल्या दिवशीच्या उपशाची नोंद कशी ठेवायची, हे पोरंटोरंही एका बैठकीत शिकतात.

अशी वही घरात असेल तर सुनावणीला ती घेऊन जावी, तिच्या पानांच्या झेरॉक्स प्रती लेखी निवेदनाला जोडाव्या आणि पोच घ्यावी. सुनावणीनंतर इतिवृत्त पंचायत, जिल्हा पंचायत, जिल्हाधिकारी कार्यालय आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ यांच्या ठिकाणी लावलं जातं. ते वाचून काही खटकलं तर दाखला देणाऱ्या यंत्रणेकडे आणि अर्जदाराकडे थेट लेखी कळवता येतं, आणि त्या पत्राचीही पोच घेऊन ठेवावी.