जेलमधले भाषण-क्लब आले कुठून

जेलमध्ये भाषणाचे क्लब चालतात, बाहेरचे लोक तिथे जाऊन बसतात, मदत करतात, असं सांगितलं की आपल्याकडे पहिली रिअ‍ॅक्शन ठरलेली, आता कैद्यांना भाषणं पण शिकवायची का! त्यावर वाद घालायच्या आधी हे प्रकरण मुळात सुरू कसं झालं ते बघू, कारण त्याची सुरुवात बोलण्यातून नाही तर तोंड बंद ठेवण्याच्या सक्तीतून झालीय.

1820च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्नच्या जेलमध्ये एक पद्धत बसवली गेली. दिवसा सगळ्यांनी एकत्र काम करायचं पण एकमेकांशी एक शब्द बोलायचा नाही, रात्री प्रत्येकजण एकटा कोठडीत, चालायचं तेही पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून एका लयीत, आणि तोंड उघडलं की चाबूक. तिकडे फिलाडेल्फियात 1829 साली ईस्टर्न स्टेट जेल उघडलं, तिथे तर कैदी कोठडीबाहेर काढायचा झाला तर डोक्यावर टोपडं घालून, म्हणजे त्याने कुणाला बघायचं नाही आणि कुणी त्याला बघायचं नाही. डोकं त्यामागे असं होतं की माणूस गप्प बसला की त्याला पश्चात्ताप होतो. आपल्याकडे मौन माणूस स्वतःहून धरतो, तिथे ते मारून धरायला लावायचे, एवढाच काय तो फरक. या दोन पद्धती त्या काळी एवढ्या गाजल्या की इंग्लंडमध्ये पेंटनविल जेल 1842मध्ये सुरू झालं ते फिलाडेल्फियाच्याच धर्तीवर.

हे मौन मोडलं कुठे, तर पुन्हा ऑबर्नलाच. थॉमस मॉट ऑस्बोर्न हा तिथला कारखानदार, एकेकाळचा गावचा मेयर, राज्याने त्याला जेल सुधारणा समितीचा अध्यक्ष केलं तर हा गडी 1913 साली 'टॉम ब्राऊन' असं नाव घेऊन आठवडाभर स्वतःच कैदी म्हणून आत जाऊन राहिला. बाहेर आल्यावर कैद्यांची 'म्युच्युअल वेलफेअर लीग' निघाली, म्हणजे कैद्यांनीच आपले प्रतिनिधी निवडायचे, सभा घ्यायच्या, नियम ठरवायचे. आता सभा म्हटली की कुणीतरी उभं राहून बोलणार, दुसरा ते खोडणार, तिसरा हरकत घेणार. जिथे शब्द काढला तर फटका बसायचा तिथे हे सुरू झालं. मला तरी भाषण-क्लबांचं मूळ इथेच दिसतं, नाव नसलं तरी.

मग मॅसॅच्युसेट्समधली नॉरफोक प्रिझन कॉलनी. हॉवर्ड गिल नावाच्या अधीक्षकाने 1920च्या दशकाच्या शेवटी ती उभी करायला घेतली, बाहेरची भिंत कैद्यांकडूनच बांधून घेतली, कोठड्यांऐवजी वसतिगृहासारख्या इमारती, कैद्यांचं कौन्सिल वगैरे. गिलला 1934 मध्ये हटवलं पण वाचन, क्लास, चर्चा हे वातावरण राहिलं आणि 30च्या दशकात तिथे डिबेटिंग सोसायटी सुरू झाली. खरी गंमत ही की कैदी आपापसात भांडत बसले नाहीत, हार्वर्ड, येलसारख्या विद्यापीठांचे संघ जेलमध्ये येऊन त्यांच्याशी वाद घालायचे. 1951 साली ऑक्सफर्डचा संघ आला आणि हरून गेला. 1966 पर्यंतचा हिशोब 144 विजय आणि 8 पराभव असा सांगितला जातो.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा पुढे गाजलेला नेता माल्कम एक्स 1948 मध्ये कैदी म्हणून याच नॉरफोकला आला. त्याआधी चार्ल्सटाऊनच्या जेलमध्ये असताना एका वयस्कर कैद्याचं बोलणं ऐकून त्याला कळलं होतं की नुसत्या शब्दांवर माणूस मान मिळवू शकतो, मग त्याने डिक्शनरी उतरवून काढली, आणि नॉरफोकमध्ये डिबेटला उभा राहिला. पुढे हजारोंच्या सभा हलवणारा वक्ता जगाने बघितला पण त्याची तालीम कैद्यांसमोर झाली होती.

दुसरी धार टोस्टमास्टर्सची, म्हणजे भाषणाचा सराव करणाऱ्या क्लबांच्या संघटनेची. राल्फ स्मेडलीने 22 ऑक्टोबर 1924ला कॅलिफोर्नियात सांता आना गावच्या वायएमसीएच्या तळघरात पहिली मीटिंग घेतली. फॉर्म्युला एकदम साधा आहे: एकाने पाच-सात मिनिटं बोलायचं, दुसऱ्याने त्याचं काय जमलं काय नाही ते सगळ्यांसमोर सांगायचं, एकजण घड्याळ धरून, हिरवा-पिवळा-लाल दिवा दाखवून, आणि एकजण फक्त 'अं…अं' मोजायला. माईक नको, मास्तर नको, महागडं काही नको, म्हणून हे जेलमध्ये सहज रुजलं. ज्यांना रेग्युलर मेंबर होता येत नाही, म्हणजे शाळकरी पोरं किंवा कैदी, त्यांच्यासाठी 'गॅव्हल क्लब' अशी वेगळी सोयही आहे. आणि बाहेरच्या मदतीचा प्रश्न इथेच येतो, कारण बाहेरच्या एखाद्या क्लबने हात दिला तरच आतला क्लब टिकतो. फी भरायची, पुस्तकं पोचवायची, दर मीटिंगला दोन-चार जणांनी गेटवर झडती देऊन आत जायचं आणि बसून ऐकायचं. ऐकायला येणं हेच मोठं काम आहे, कारण कैद्याचं भाषण फक्त कैद्यांनीच ऐकलं तर ते सभेत बोलल्यासारखं वाटत नाही. शिवाय पॅरोल बोर्डापुढे, म्हणजे मुदतीआधी सोडायचं का ते ठरवणाऱ्यांपुढे, नंतर नोकरीच्या इंटरव्ह्यूला, नीट उभं राहून स्वतःबद्दल बोलता यायला हवंच, त्याची प्रॅक्टिस आधी कुठे करणार?

मध्ये एक मोठी खोट बसली. 1994च्या गुन्हेगारीविरोधी कायद्याने अमेरिकेत कैद्यांची पेल ग्रँट, म्हणजे सरकारी शिष्यवृत्ती, बंद केली आणि जेलमधले कॉलेजचे वर्ग धडाधड बंद पडले (ती परत मिळाली थेट 2023मध्ये). या पोकळीतच 1999च्या सुमारास बार्ड कॉलेजचा जेलमध्ये कॉलेज शिकवायचा उपक्रम उभा राहिला, आणि सप्टेंबर 2015मध्ये ईस्टर्न न्यूयॉर्क जेलमधल्या त्यांच्या विद्यार्थ्यांनी डिबेटमध्ये हार्वर्डला हरवलं तेव्हा जगभर बातमी झाली. त्यांच्याकडे इंटरनेट नव्हतं, पुस्तक मागवायचं तर जेलची परवानगी. आणि विषय होता देशात राहायची कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरित मुलांना सरकारी शाळांनी प्रवेश नाकारायचा अधिकार असावा का, त्यांना बाजू मिळाली 'असावा' ही, म्हणजे त्यांच्यातल्या कितीतरी जणांना मनातून न पटणारी. तरी जिंकले.

'याने गुन्हे कमी होतात का' असं कुणी विचारलं की रँड या अमेरिकन संशोधन संस्थेचा 2013चा अभ्यास पुढे केला जातो, त्यात शिक्षण घेतलेले कैदी पुन्हा गुन्ह्यात अडकण्याची शक्यता 43 टक्क्यांनी कमी दिसली. पण तो आकडा जेलमधल्या शिक्षणाचा आहे, भाषण-क्लबांचा नाही, सरसकट चिकटवू नये.

आपल्याकडे जेलमधलं सर्वात गाजलेलं बोलणं धुळ्याचं. 21 फेब्रुवारी ते 19 जून 1932, दर रविवारी विनोबा कैद्यांसमोर गीतेवर बोलले, अठरा रविवार अठरा अध्याय, आणि साने गुरुजी समोर बसून उतरवून घेत होते म्हणून 'गीता प्रवचने' आज हातात आहे. तिथे मात्र बोलणारा एकच, बाकीचे ऐकणारे. प्रवचन-कीर्तन-भजन ही आपली सवय, ती जेलमध्येही चालते, अलीकडे राज्यातल्या कारागृहांच्या भजन-अभंग स्पर्धाही झाल्या, पण उभं राहून आपलं म्हणणं मांडायचं आणि समोरच्याने ते खोडून काढायचं हा प्रकार वेगळा. त्यात आपली अडचण आकड्यात दिसते, 2022 मध्ये देशातल्या कैद्यांपैकी साधारण 76 टक्के कच्चे कैदी होते. शिक्षा झालेला माणूस निदान वर्ष-दोन वर्षं एका जागी असतो, त्याच्यासोबत क्लब बांधता येतो. कच्च्या कैद्याची आज तारीख, उद्या जामीन, परवा दुसऱ्या जेलला ट्रान्सफर, पहिलं भाषण तयार होतं तोवर माणूसच बॅरकमध्ये नसतो.