हिमनदीचा भूमितीय वस्तुमान-ताळेबंद

हिमनदीच्या पृष्ठभागाची उंची काही वर्षांच्या अंतराने दोनदा मोजून, त्या उंचींच्या वजाबाकीवरून तिच्यातील बर्फ किती घटला किंवा वाढला हे काढण्याच्या पद्धतीला भूमितीय ताळेबंद म्हणतात. उपग्रहाला बर्फाचे वजन दिसत नाही, दिसते ती फक्त उंची. म्हणून उंचीपासून वजनापर्यंतची प्रत्येक पायरी तपासून घ्यावी लागते.

उंची मिळवण्याचे मार्ग वेगवेगळे आहेत. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर अंतराळयानाने ११ दिवसांच्या मोहिमेत रडारने पृथ्वीच्या मोठ्या भागाचा उंची-नकाशा तयार केला. टेरा उपग्रहावरील ॲस्टर कॅमेरा एकच डोंगर सरळ खाली आणि मागे वळून असा दोन कोनांतून टिपतो, आणि त्या जोडचित्रांतून उंची काढता येते. आइससॅट-२ हा उपग्रह २०१८ पासून लेझरने उंची मोजत आहे; मात्र त्याचे मोजमाप ठरावीक रेषांवरच होते.

दोन नकाशे एकमेकांवर नेमके बसवणे हे यातले सर्वांत नाजूक काम होय. एक नकाशा १० मीटर जरी बाजूला सरकला, तरी ३० अंशांच्या उतारावर सुमारे ६ मीटरची खोटी चढउतार दिसते: डोंगराची एक बाजू खचल्यासारखी आणि समोरची फुगल्यासारखी. उघडा खडक काही वर्षांत फुगत नाही. म्हणूनच हिमनदीबाहेरच्या स्थिर जमिनीवर फरक शून्याजवळ येईपर्यंत नकाशा सरकवतात आणि तिथे उरलेल्या चुकीवरून बर्फावरील मोजमापाची अनिश्चितता ठरवतात. रडारची अडचण निराळी आहे. त्याच्या लहरी कोरड्या हिमात काही मीटर आत शिरतात, त्यामुळे पृष्ठभाग प्रत्यक्षापेक्षा खाली भासतो.

एकाच ठिकाणी उंची घटली म्हणजे तेवढाच बर्फ तिथे वितळला, असे मानता येत नाही, कारण हिमनदी वाहते आणि वरून आलेला बर्फ खालच्या भागातील झीज काही अंशी भरून काढतो. संपूर्ण हिमनदीवर बेरीज केली की हा प्रवाहाचा परिणाम नाहीसा होतो. मिळालेल्या घनफळाला साधारणपणे घनमीटरमागे ८५० किलोग्रॅम ही घनता लावतात; तिच्यात सुमारे ६० किलोग्रॅमची अनिश्चितता धरतात.

१९७० च्या दशकातील अमेरिकी हेक्सागॉन हेरगिरी उपग्रहांच्या फिल्म खुल्या झाल्यावर हा हिशेब मागे नेता आला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हिमालयातील सुमारे ६५० हिमनद्यांची १९७५–२००० या काळातील सरासरी घट वर्षाला ०.२२ मीटर पाणी-समतुल्य (घटलेला बर्फ वितळवून हिमनदीभर पसरल्यास होणाऱ्या पाण्याच्या थराची जाडी), तर २०००–२०१६ मध्ये ०.४३ मीटर आढळली, म्हणजे जवळजवळ दुप्पट. काराकोरममध्ये मात्र या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत बर्फ जवळपास टिकून होता.

लाहौल-स्पीतीतील छोटा शिग्री हिमनदीवर २००२ पासून बर्फात बांबूच्या काठ्या रोवून दर वर्षी त्यांचा उघडा पडलेला भाग मोजतात. दगडमातीने झाकलेल्या किंवा भेगांनी फाटलेल्या हिमनद्यांवर असे काम फार अवघड असते, आणि तिथे उपग्रहाला पर्याय नाही. उलट उपग्रहाच्या वजाबाकीतून बहुधा अनेक वर्षांची सरासरीच हाती येते. कोणत्या हिवाळ्यात हिम कमी पडले आणि कोणत्या उन्हाळ्यात झीज वाढली, हे त्या काठ्याच सांगतात.