मायकल जॅक्सन, अंधेरी आणि 'नंतर' नावाचा घोळ

मायकल जॅक्सनची गाणी अजून ऐकावीत का, हा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतं, गाणी भारीच होती हो, माणूस नंतर बिघडला. या 'नंतर'नेच सगळा घोळ केलाय. नंतर म्हणजे कधी? लहान मुलाशी गैरवर्तन केल्याचा पहिला आरोप बाहेर आला ऑगस्ट १९९३ मध्ये, तेव्हा त्याची वर्ल्ड टूर चालू होती. जानेवारी १९९४ मध्ये तो दिवाणी दावा मोठी रक्कम देऊन मिटवला, आरोप काही कबूल केला नाही, आणि फौजदारी खटला उभाच राहिला नाही. आणि आपल्याकडे अंधेरीच्या स्पोर्ट्स कॉम्प्लेक्समध्ये तो नाचला १ नोव्हेंबर १९९६ ला. म्हणजे मुंबईत जे काही झालं ते आरोपाच्या 'आधी' नव्हतंच, तीन वर्षं उलटून गेली होती.

थ्रिलर, मूनवॉक वगैरे सगळ्यांना पाठ आहे, ते सोडतो.

तेव्हाची मुंबई आठवा. विमानतळावर मराठी नटी नऊवारी नेसून स्वागताला, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ही गर्दी. शोच्या उत्पन्नातून मदत होणार होती बेरोजगार मराठी तरुणांसाठी काढलेल्या एका संघटनेला, ती संघटना ज्या पक्षाची तो पक्ष राज्यात सत्तेवर, नाव सांगायची गरज नाही. एरवी पाश्चात्त्य संस्कृतीवर तोंडसुख घेणारे लोक याला कसे बोलावतात, यावर भरपूर टीका झाली. पण वाद मुख्यतः संस्कृतीचा आणि पैशाचा. त्या लहान मुलाचं प्रकरण या भांडणात कुठेतरी कोपऱ्यात राहिलं, हे मला आजही विचित्र वाटतं.

पैशाचं भांडण मात्र पंचवीस वर्षं चाललं, अक्षरशः. राज्य सरकारने या शोचा करमणूक कर माफ केला, रक्कम तीन कोटींच्या वर. ग्राहकांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने हायकोर्टात आव्हान दिलं, त्यांचा मुद्दा साधा होता, महागडी तिकिटं लावून केलेल्या पॉप शोला सरकारी तिजोरीतून सूट कशासाठी? तर कराचे पैसे कोर्टात जाऊन पडले आणि २०११ मध्ये हायकोर्टाने सांगितलं की माफी देताना सरकारने नीट विचार केलेला दिसत नाही, पुन्हा ठरवा. तोपर्यंत जॅक्सनला जाऊन दोन वर्षं झाली होती. मग फाइल पुन्हा झोपली. २०१७ मध्ये राज्याचा करमणूक करच जीएसटीत गेला, म्हणजे कर गेला पण त्याची माफी शिल्लक! शेवटी जानेवारी २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने तो पुन्हा माफ केला आणि आयोजक कंपनीचा पैसे परत मिळायचा रस्ता मोकळा झाला. मुख्यमंत्रीपद तेव्हा कुणाकडे होतं ते वेगळं सांगत नाही. माझ्या मते हा निर्णय दोन्ही वेळेला चुकीचाच, पण तो मुद्दा वेगळा.

तिकडे अमेरिकेत मधल्या काळात दुसऱ्या एका मुलाच्या प्रकरणात खटला उभा राहिला आणि जून २००५ मध्ये ज्यूरीने जॅक्सनला सगळ्या आरोपांतून निर्दोष सोडलं. चाहते अजून हेच पुढे करतात आणि ते खोटं नाही. २५ जून २००९ ला तो गेला, आठवडाभर टीव्हीवर फक्त गाणी.

खरा धक्का २०१९ चा. दोन पुरुषांनी लहानपणी आपलं शोषण झालं असं कॅमेऱ्यासमोर तपशिलात सांगितलं, ती डॉक्युमेंटरी मार्चमध्ये टीव्हीवर आली. त्यातला एक जण २००५ च्या खटल्यात जॅक्सनच्याच बाजूने साक्ष देऊन गेला होता, त्यामुळे वारसदारांनी सगळं साफ फेटाळलं. तरी न्यूझीलंड आणि कॅनडातल्या काही रेडिओ स्टेशनांनी गाणी थांबवली, एका प्रसिद्ध कार्टून मालिकेने त्याचा आवाज असलेला १९९१ चा एपिसोड काढून टाकला. लोक याला सरसकट 'बॅन' म्हणाले, पण म्युझिक ॲपवर गाणी होती तशीच राहिली. त्याच्या आदल्याच वर्षी, मे २०१८ मध्ये, एका मोठ्या म्युझिक ॲपने दुसऱ्याच एका गायकावरच्या आरोपांवरून नियम काढून पाहिला होता, की गाणी ॲपवर राहतील पण कंपनीच्या प्लेलिस्टमध्ये येणार नाहीत. ना धड बॅन, ना धड मोकळीक, आणि मुळात ठरवणार कोण, यावर इतका आरडाओरडा झाला की तीन आठवड्यांत तो गुंडाळला.

जॅक्सनच्या बाबतीत उलटच झालं, २०२२ मध्ये त्याच्यावरचं संगीत नाटक न्यूयॉर्कला ब्रॉडवेवर आलं आणि चार टोनी, म्हणजे तिथले नाटकांचे मोठे पुरस्कार, घेऊन गेलं, त्यातली गोष्ट १९९२ लाच थांबते, पहिल्या आरोपाच्या बरोब्बर एक वर्ष आधी. आणि २०२३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील कोर्टाने डॉक्युमेंटरीतल्या त्या दोघांचे, जॅक्सनच्या कंपन्यांवरचे दावे पुन्हा जिवंत केले.