‘ग्रेट ब्रिटन’ : बांधली त्याच गोदीत परतलेली आगबोट

डिसेंबर १८५७ मध्ये मुंबई बंदरात एक प्रचंड लोखंडी आगबोट येऊन थांबली. आयर्लंडमधल्या कॉर्कहून ती ८ ऑक्टोबरला निघाली होती. तिच्यातून आठवी हुसार्स आणि सतरावी लान्सर्स या घोडदळाच्या पलटणींतले सैनिक उतरले. सत्तावनच्या उठावाविरुद्ध त्यांना तातडीने धाडलं होतं. पुढच्या जून महिन्यात ग्वाल्हेरजवळ कोटा की सराय इथे झाशीची राणी ज्या लढाईत पडली, त्या लढाईत हुसार्स होते. लान्सर्स तर तात्या टोपे यांच्या मागावर मध्य हिंदुस्थानात कितीतरी महिने फिरत राहिले. येवल्याच्या तात्यांचा पाठलाग करायला माणसं घेऊन आलेली ती बोट, ‘एसएस ग्रेट ब्रिटन’, आज इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात उभी आहे. तिची गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. सांगायला हवी, कारण त्या इतिहासाला आपलाही एक धागा जोडलेला आहे.

बोट इसंबार्ड किंग्डम ब्रुनेल या अभियंत्याची. १८३९ मध्ये ब्रिस्टलला बांधणी सुरू झाली. त्याआधी डोक्यात साधीच योजना होती : लाकडी बोट, दोन्ही बाजूंना पाणी कापणारी मोठी चाकं. पण लाकडाच्या लांबीला मर्यादा असते. फार लांब लाकडी बोट लाटांवर वाकते आणि तिचे सांधे सुटतात. म्हणून ब्रुनेलने लोखंड घेतलं. पुढे १८४० मध्ये ‘आर्किमिडीज’ नावाची मळसूत्री पंख्यावर, म्हणजे पाण्याखाली फिरून बोट पुढे ढकलणाऱ्या पंख्यावर, चालणारी छोटी बोट ब्रिस्टलला आली. ती पाहून त्याने तयार होत असलेलं चाकांचं यंत्रच रद्द करून घेतलं. निम्म्यावर आलेल्या कामात असा बदल करायला छाती लागते, आणि मालक कंपनीचा खिसाही. १९ जुलै १८४३ रोजी राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट यांच्या उपस्थितीत बोट पाण्यावर तरंगली. ९८ मीटर लांबीची ती त्या वेळची जगातली सर्वांत मोठी बोट होती. इतकी मोठी, की बंदराच्या दरवाजातून बाहेरच पडेना! अखेर दरवाजाच्या भिंतीचे वरचे दगड काढून डिसेंबर १८४४ मध्ये तिला बाहेर काढावं लागलं.

२६ जुलै १८४५ रोजी लिव्हरपूलहून निघून तिने १५ दिवसांच्या आत न्यूयॉर्क गाठलं. लोखंडी अंग आणि मळसूत्री पंखा असलेली एवढी बोट अटलांटिक ओलांडू शकते, हे प्रथमच सिद्ध झालं. पण वर्षभरातच, सप्टेंबर १८४६ मध्ये, ती आयर्लंडच्या डंड्रम खाडीत वाळूवर चढली आणि जवळजवळ वर्षभर तिथेच अडकली. लाकडी बोट असती तर पहिल्याच हिवाळ्यात तिच्या फळ्या किनाऱ्यावर विखुरल्या असत्या. ही टिकली. मालक कंपनी मात्र बुडाली. लाखाहून अधिक पौंड खर्चून बांधलेली बोट २५ हजार पौंडांत विकली गेली.

नव्या मालकांनी १८५२ पासून तिला ऑस्ट्रेलियाच्या वाटेवर लावलं. तिकडे सोन्याच्या खाणी सापडल्या होत्या, माणसं निघाली होती. तिच्या सगळ्या फेऱ्या धरल्या तर हजारो कुटुंबं तिने दक्षिण गोलार्धात नेऊन सोडली. १८६१ च्या अखेरीस ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर गेलेला पहिला इंग्लिश क्रिकेट संघही याच बोटीने मेलबर्नला पोचला. मधल्या काळात क्रिमियाच्या युद्धासाठी तिने सैन्य वाहिलं आणि मग मुंबईची ती फेरी झाली.

म्हातारपण कठीण गेलं. १८८२ मध्ये इंजिन काढून तिला शिडाचं मालवाहू जहाज केलं गेलं. १८८६ मध्ये दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नच्या वादळात मोडून ती दक्षिण अटलांटिकमधल्या फॉकलंड बेटांच्या आसऱ्याला आली आणि तिथेच राहिली. लोकर आणि कोळसा साठवायचं तरंगतं गोदाम म्हणून ती वापरली गेली. १९३७ मध्ये तळाला भोकं पाडून तिला उथळ स्पॅरो कोव्हमध्ये बसवून दिलं.

तिच्या बाजूने बोलायला १९६७ मध्ये एक माणूस उभा राहिला. इवन कॉरलेट हे जहाजांचे रचनाकार. त्यांनी वर्तमानपत्राला पत्र लिहून या बोटीकडे लक्ष वेधलं आणि पुढच्या वर्षी स्वतः फॉकलंडला जाऊन तिची तपासणी केली. उजव्या कुशीला वरून खाली मोठी भेग गेली होती. जॅक हेवर्ड या उद्योजकाने पैसा दिला. १९७० मध्ये एक सपाट तराफा पाण्याखाली बुडवला, बोट त्याच्यावर ओढून घेतली आणि तराफ्यातलं पाणी उपसून दोघांना वर उचललं. भेग बुजवायला फॉकलंडच्या लोकांकडून जुन्या गाद्या मागून आणल्या. मग हजारो किलोमीटरचा समुद्र ओलांडून बोट ब्रिस्टलकडे निघाली. एव्हन नदीतून वर येताना ती क्लिफ्टनच्या झुलत्या पुलाखालून गेली. तो पूलही ब्रुनेलच्याच आराखड्याचा, पण बोट बांधली तेव्हा पुरा झालेला नव्हता. १९ जुलै १९७० रोजी, पाण्यावर उतरल्याला बरोबर १२७ वर्षं झाली त्या दिवशी, ती बांधली गेलेल्या सुक्या गोदीत, म्हणजे पाणी काढून कोरडी करता येणाऱ्या गोदीत, परत शिरली.

इथे गोष्ट संपली असं सगळ्यांना वाटलं असणार. खरं संकट पुढे होतं. मुंबईत किंवा कोकणात समुद्राजवळ राहणाऱ्याला ते वेगळं समजावून सांगायला नको. खिडकीचे गज कितीही रंगवले तरी खारं वारं आतून पोखरतंच. या बोटीच्या लोखंडात तर शंभराहून अधिक वर्षांचं मीठ मुरलं होतं. ते धुऊन निघत नव्हतं, आणि ब्रिस्टलची हवा दमट. १९९८ मधल्या पाहणीत दिसलं की काही केलं नाही तर सुमारे २५ वर्षांत सांगाडा उभा राहणार नाही.

पत्रे बदलता आले असते. पण मग १८४३ ची बोट उरली नसती, तिची प्रतिकृती उरली असती. तज्ज्ञांनी तो मार्ग घेतला नाही, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. मीठ काढता येत नाही तर ओल काढायची, असं त्यांनी ठरवलं. बोटीच्या पाणरेषेच्या उंचीवर सगळ्या गोदीभर काचेचं छत घातलं आणि काचेवर पाण्याचा पातळ थर सोडला. वरून पाहिलं तर बोट तरंगतेय असं वाटतं. जिना उतरून काचेखाली गेलं की तिचा सगळा तळ समोर येतो. तिथली हवा यंत्रांनी इतकी कोरडी ठेवलेली असते की सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास राहते. वाळवंटासारख्या त्या कोरडेपणात मीठ असूनही गंज पुढे सरकत नाही. २००५ मध्ये हे काम पुरं झालं. तेव्हापासून ही यंत्रं चालू आहेत. ती थांबली, तर गंज पुन्हा सुरू होईल.